अल्ताफ मरतो त्या शूटिंगचं नियोजन

अल्ताफ मुजावर पहिल्यांदा मेला तेव्हा सन्मती मगदूम कटवडा खात होती, आणि खरं सांगायचं तर तिनं खाणं थांबवलं नाही. पडद्यावर धैर्यशील घोरपडेनं दांडपट्टा गरकन फिरवला, अल्ताफच्या डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीपर्यंत एक तिरकी रेघ उमटली, आणि रेघेच्या वरचा अल्ताफ रेघेच्या खालच्या अल्ताफपासून सावकाश सुटा झाला. हातातला कॅमेरा मात्र त्यानं जमिनीवर पोचेपर्यंत हलू दिला नाही. 'काय स्थिर हात आहे पोराचा,' सन्मतीच्या मनात आलं. मग तिच्या लक्षात आलं की अल्ताफ नट नाही, कॅमेरामन आहे. दिग्दर्शक आपल्याच कॅमेरामनला कापतोय, आणि हे स्क्रिप्टमध्ये कुठंच नाही.

तिनं उरलेला वडा संपवला, रश्शाचा हात पुसला आणि दृश्य मागं घेऊन पुन्हा पाहिलं. अल्ताफ पुन्हा मेला.

हे सगळं घडत होतं ते 'अगोदर' नावाच्या यंत्रात. कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या चित्रपट विभागात ते येऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी एका पोराच्या लघुपटात भाड्यानं आणलेला बैल उधळला होता आणि विभागप्रमुख निंबाळकर सरांना शिंगावर घेऊन थेट रंकाळ्यात उतरला होता. सर पोहत बाहेर आले, बैलही आला, पण विमा कंपनीचा धीर सुटला. इथून पुढं प्रत्येक शूटिंग आधी यंत्रात करायचं, आणि यंत्रानं हिरवा दिवा दिला तरच कॅमेरा हातात मिळेल, असं ठरलं. लाल दिवा म्हणजे शूटिंग रद्द. मधला पिवळा म्हणजे किरकोळ दुखापत. विमा कंपनीच्या मते माणसाचं एक हाड मोडणं किरकोळ असतं, दोन मोडली की गंभीर. पिवळ्या दिव्यावर शूटिंग चालायचं, फक्त दारात अँब्युलन्स उभी करावी लागायची.

यंत्राची कल्पना हवामानखात्याकडून उचललेली होती. उद्या पाऊस पडेल का हे शोधताना ते लोक उद्याचा एकच दिवस काढत नाहीत. ते आजच्या हवेत चिमूटभर फरक करून हजारो 'उद्या' काढतात, आणि त्यातल्या बहुतेकांत पाऊस पडला तर छत्री घ्या म्हणतात. 'अगोदर' तेच शूटिंगच्या दिवसाचं करायचं. जागेचा लेसरनं काढलेला नकाशा, उन्हाचा कोन, वायरींवरचा ताण, सगळं त्यात भरायचं. आणि मग माणसं भरायची.

माणसं भरणं हे त्यातलं खरं शास्त्र. विभागातल्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी असायची. नाडी, घाम, आवाजातली थरथर, कुणाच्या शेजारी उभं राहिल्यावर कुणाचा दाब वाढतो, हे सगळं पट्टी टिपून ठेवायची. त्यातून यंत्र प्रत्येकाचा एक स्वभावसाचा बनवायचं. ते मनातलं वाचायचं नाही. आपण दार आपटणार हे आपल्या आईला आपल्याआधी कळतं, तितकंच त्याला कळायचं. मग हे साचे त्या नकाशात सोडून द्यायचे आणि तो दिवस हजारो वेळा जगू द्यायचा. ज्या गोष्टी दर खेपेला बदलतात त्यांना विभागात 'वारा' म्हणत. ज्या काही केल्या बदलत नाहीत त्यांना 'खुंटा'.

अल्ताफचं मरण हा खुंटा होता.

सन्मती त्या शूटिंगची नियोजक होती. गाणं होतं दांडपट्ट्यावरचं रॅप, नाव 'फिरव पट्टा'. लोकेशन, इचलकरंजीतला बंद पडलेला यंत्रमागाचा कारखाना. दिग्दर्शक धैर्यशील, नायकही धैर्यशीलच. नायक शोधायला तो बाहेर पडला होता, पण वाटेत आरसा लागला. पट्टा तो लहानपणापासून चुलत्याच्या आखाड्यात शिकला होता आणि डोळे बांधून लिंबू कापायचा.

सन्मतीनं नियोजकाला शोभेल तसं पहिलं काम केलं. पट्टा काढून घेतला. यंत्रात त्याच्या जागी थर्माकोलचा पट्टा टाकला आणि दिवस पुन्हा चालवला.

धैर्यशीलनं अल्ताफला ट्रायपॉडनं मारलं. तिनं ट्रायपॉड काढला, तेव्हा त्यानं लाइटचा स्टँड वापरला. स्टँड काढले, तर त्यानं केबलनं गळा आवळला आणि वर ती केबल व्यवस्थित गुंडाळून जागेवर ठेवली, कारण तशी त्याला सवय होती. तिनं लढाईचं गाणं रद्द करून त्याच चालीवर प्रेमगीत टाकलं. गजरा होता, गुलाबी झब्बा होता. धैर्यशीलनं गजऱ्याच्या दोऱ्यानं काम भागवलं. पण त्याला बराच वेळ लागला, आणि अल्ताफ मधेच म्हणाला, "लेका, एक काय ते कर, ऊन चाललंय."

शेवटी तिनं दोघांना बोलावून पडद्यासमोर बसवलं.

धैर्यशील उंच, रुंद, मिशीला पीळ. अल्ताफ किडकिडीत आणि टापटीप. शर्टाला इस्त्री, पेनाला टोपण. असं म्हणत की तो जन्माला आला तोसुद्धा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला. दोघांनी हाताची घडी घालून अल्ताफचं मरण पाच-सहा प्रकारांनी पाहिलं.

"मला का मारतोयस रे?" अल्ताफनं विचारलं.

"मी कुठं मारतोय? मशीन मारतंय."

"मशीनला हात हायत काय? हात तुझेच हायत. ती अंगठी बघ. तुझ्या आत्यानं दिलेली."

धैर्यशीलनं अंगठीकडं पाहिलं आणि हात खिशात घातला. "पण फ्रेम भारी लागलीय," तो म्हणाला. "मी उजवीकडून येतोय."

"उजवीकडं खिडक्या हायत. तू त्या बाजूनं आलास की तुझी सावली पडती माणसावर. शंभरदा सांगितलंय, डावीकडून ये."

"नायक उजवीकडून येतो."

"मग मरणारा पण अंधारातच मरंल. दिसणार नाही कुणाला."

सन्मती दोघांच्या मनगटपट्ट्यांकडं बघत होती. राग टिपून धैर्यशीलची लाल झाली होती. अल्ताफचीही. इतकी वर्षं ती दोघांच्या मधे उभी राहत आली होती, आणि हे नुसतं तोंडाचं भांडण नाही हे तिला आत्ता, यंत्रानं दाखवल्यावर, कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं एकमेकांशी सभ्यपणे वागायला लागले, आणि ते बघवत नव्हतं. "आपण बसा की, अल्ताफराव." "नको, आपण आधी." कँटीनमध्ये धैर्यशील चमचा उचलायचा तेव्हा अल्ताफ मान मागं घ्यायचा. अल्ताफनं पाठ भिंतीला लावूनच बसायचं ठरवलं. धैर्यशीलला ते दिसायचं, आणि आपल्याला खुनी समजतो म्हणून त्याच्या डोक्यात तिडीक जायची. यंत्रात अल्ताफ आता दुपारऐवजी सकाळीच मरायला लागला.

सन्मतीनं शूटिंगच रद्द करून पाहिलं. यंत्रात त्या दिवशी कुठलंच शूटिंग ठेवलं नाही, दोघांना आपापल्या घरी सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मग धैर्यशील गाडी काढून अल्ताफच्या घरी गेला, दार वाजवलं, अल्ताफच्या अम्मीनं केलेला शीरखुर्मा बशी चाटून खाल्ला, आणि अल्ताफला गच्चीवरून खाली टाकलं.

कटवडा तिच्या घशाखाली उतरेना. शूटिंगचं जाऊ दे, पोरगा जाणार होता.

मग तिनं मरण बघायचं सोडलं आणि त्याच्या आधीचं बघायला सुरुवात केली. शूटिंगच्या प्रत्येक दिवसाची सुरुवात तिनं लावली, एकामागून एक. आणि सगळीकडं तिला एकच दृश्य दिसलं. रिकामा कारखाना. पालथ्या पिंपावर एकटा बसलेला धैर्यशील. तो घड्याळ बघतोय. नाष्टा आलेला नाही, कारण नाष्टा अल्ताफ आल्यावर येतो. दोन तास तो तसाच बसतोय, ओठ हलतायत. सन्मतीनं आवाज वाढवला.

"येतील नवाब," धैर्यशील स्वतःशी म्हणत होता. "झोप झाली की येतील."

मग अल्ताफ येतो. घड्याळ लावून घ्यावं असा, बरोबर वेळेवर. हसतमुख. अंगाला मिसळीचा वास. म्हणतो, "काय दिग्दर्शक, रात्री हितंच झोपला व्हय?"

आणि धैर्यशीलचा हात जे सापडेल त्याच्याकडं जातो.

सन्मतीनं पडदा बंद केला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. जोरात मारला. पट्टीनं त्याचीही नोंद घेतली.

शूटिंगच्या नियोजनात एक जुनी रीत आहे. कुणी शिकवत नाही, सगळे शिकतात. कॉल सातचा असेल तर उशिरा येणाऱ्याला पाच सांगायचं. नट नेहमी दीड तास उशिरा येतो, त्याला साडेपाच. मेकअपवाली अर्धा तास, तिला साडेसहा. वेळेवर येणाऱ्याला तेवढं खरं सांगायचं. प्रत्येकाची खोटी वेळ नियोजकाच्या डोक्यात असते, आणि सगळे बरोबर सातला जमतात. सन्मती यात तरबेज होती. घरच्या लग्नात भटजींनासुद्धा तिनं वेगळा मुहूर्त सांगितला होता.

पहिल्या वर्षी धैर्यशील दोन तास उशिरा यायचा, म्हणून त्याला ती पाच सांगायची आणि अल्ताफला सात. मग धैर्यशील सुधारला. दिग्दर्शक झाल्यावर तो पाचला पाचच्या ठोक्याला यायला लागला. सन्मतीच्या हे लक्षात आलं होतं. पण त्याला खरी वेळ सांगायची म्हणजे आधीची खोटी होती हे सांगणं आलं. 'पुढच्या शूटिंगला बघू,' असं म्हणत तिची तीन वर्षं गेली. धैर्यशील विचारायचा, "अल्ताफला किती सांगितलंस?" ती म्हणायची, "पाचच की. येईल." अल्ताफ विचारायचा, "हा सकाळीसकाळी का फुगलाय?" ती म्हणायची, "दिग्दर्शक आहे, असतं त्यांचं."

बहिणीच्या हळदीतून उठून धैर्यशील एकदा असाच पहाटे आला होता आणि दोन तास पिंपावर बसला होता. त्या आठवड्यात एका मोठ्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या उमेदवारीसाठी अल्ताफचं नाव गेलं होतं. दिग्दर्शकाचं मत मागवलं, तेव्हा धैर्यशीलनं 'वक्तशीरपणा' समोर शून्य दिलं. अल्ताफला! ज्याच्या येण्यावर गल्लीतले लोक घड्याळ लावायचे, त्याला. जागा गेली. का गेली हे अल्ताफला कळलं, कुणामुळं गेली तेही कळलं. शून्य का दिलं, हे कधी कळलं नाही.

यंत्रात वेळा भरतानाही सन्मतीनं सवयीनं त्याच भरल्या होत्या. धैर्यशील पाच, अल्ताफ सात. यंत्रालाही ती थोडं फसवूनच घ्यायची.

तिनं वेळा दुरुस्त केल्या. दोघांनाही आठ. दिवस चालवला. अल्ताफ दुपारपर्यंत जगला, मग मेला. साचलेलं एका दिवसाच्या वेळेनं थोडंच निघणार होतं?

आता एकच उरलं होतं. तिनं यंत्रात स्वतःच्या साच्याला एक वाक्य दिलं. सकाळी सगळे जमल्यावर त्यानं उभं राहून खरं सांगायचं. आणि बटण दाबलं.

अल्ताफ जगला! तिला टाळी वाजवावीशी वाटली. पडद्यावर दोघं एकमेकांकडं वळले, धैर्यशील म्हणाला, "म्हणजे तू वेळेवरच यायचास?" अल्ताफ म्हणाला, "म्हणजे तू उपाशी बसायचास?" दोघांनी मिठी मारली. मग दोघं सन्मतीकडं वळले. अल्ताफनं कॅमेरा स्टँडवर पक्का केला, कारण त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. धैर्यशीलनं पट्टा चालवला. अल्ताफनं मागावर आडवा दोरा नेणारा धोटा उचलला, तो लाकडी असतो आणि त्याची टोकं लोखंडाची असतात, आणि तिच्या बरगड्यांमधे असा घातला की दुसऱ्या बाजूनं सुताचा दोरा निघाला. इतकी एकजीव टीम तिनं तीन वर्षांत पाहिली नव्हती.

तिला पळून जाता आलं असतं. सांगलीला मावशी होती. पण मग गच्ची होती, शीरखुर्मा होता, आणि खाली पडताना अल्ताफनं मारलेली हाक होती. हाक "सन्मे" अशीच होती. का ते तिनं यंत्राला विचारलं नाही.

मग तिनं मान हलवली, खुर्ची पुढं ओढली आणि जे तिला जगात सर्वांत चांगलं जमायचं ते सुरू केलं. तिनं स्वतःच्या खुनाचं नियोजन केलं.

पट्टा ॲल्युमिनियमचा, बोथट. धोटे सगळे गोळा करून आदल्या दिवशी बाहेर. आपण उभं राहायचं ते सुताच्या गाठींसमोर, म्हणजे पडलो तर मऊ. कुडत्याखाली भावाचं क्रिकेटचं चिलखत. सांगायचं ते नाष्ट्यानंतर, आधी नाही. भरल्या पोटी माणूस दोन वार कमी करतो, हे यंत्रानंच दाखवलं. दर खेपेला एकेक गोष्ट हलवत तिनं स्वतःला चिरडून घेतलं, भोसकून घेतलं, मागाच्या पट्ट्यात अडकून फिरवून घेतलं, आणि शेवटी अशा ठिकाणी आणून ठेवलं की हजारो दिवसांत मोडत होतं ते फक्त डाव्या खांद्याचं हाड. एकच.

दिवा पिवळा झाला.

निंबाळकर सरांनी कागद पाहिला. "कुणाचं हाड?"

"माझं, सर."

"बरं. अँब्युलन्स सांग." बैलापासून सर फार खोलात शिरत नसत.

अँब्युलन्सवाल्या तातोबा मामांना तिनं फोन करून जागा आणि वेळ सांगून टाकली. यंत्रात त्यांचा साचा नव्हता. बाहेरच्या माणसांसाठी यंत्र एक सरासरी माणूस वापरायचं, आणि सरासरी माणूस शांत असायचा.

शूटिंगच्या दिवशी सकाळी आठला कारखान्याच्या दारात धैर्यशील आणि अल्ताफ समोरासमोर आले. एकाच वेळी. दोघांनी आपापली घड्याळं पाहिली, मग एकमेकांची.

"लवकर आलास?" धैर्यशील म्हणाला.

"वेळेवर आलोय. तू उशिरा आलास?"

"मी पण वेळेवर आलोय."

काहीतरी चुकतंय एवढंच दोघांना कळलं. पूर्वेकडच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, आणि गंजलेल्या मागांच्या रांगा त्यात हाडांच्या सापळ्यांसारख्या उभ्या होत्या. सगळ्यांनी मिसळ खाल्ली. सन्मतीनं सगळ्यांना दोनदा वाढली. धैर्यशीलला तिसऱ्यांदा वाढली. पातेलं रिकामं झालं तेव्हा ती गाठींसमोर जाऊन उभी राहिली, चिलखताचा बंद चाचपला आणि बोलली.

तिनं सगळं सांगितलं. पाच आणि सात. पिंप. हळद. स्टुडिओतली जागा. बोलताना तिचा आवाज यंत्रातल्या आवाजापेक्षा जास्त कापत होता, पण शब्द तेच होते.

छपरातून एक कबुतर उडालं.

"म्हणजे तू वेळेवरच यायचास?" धैर्यशील म्हणाला.

अल्ताफच्या डोळ्यांत पाणी आलं. "शून्य दिलेलंस, भावा. मला."

"आणि मी दोन तास उपाशी..." धैर्यशील म्हणाला. त्यानं अल्ताफला छातीशी धरलं. मग दोघं वळले.

"नियोजन तेवढं बघा," सन्मती म्हणाली, "डावा खांदा," आणि डोळे मिटले.

पट्टा खांद्यावर बसला तेव्हा आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. दुखलं ते यंत्रात दिसलं होतं त्याच्या कितीतरी पट. यंत्रात दुखणं दिसत नव्हतं. ती गाठींवर पडली. अल्ताफनं इकडंतिकडं धोटा शोधला, नव्हता, म्हणून तिच्या नडगीवर दोन लाथा घातल्या आणि चिलखतावर बुक्की मारून स्वतःचाच हात झिणझिणवून घेतला. मग दोघं धापा टाकत थांबले. सन्मतीनं बोटांनी खांदा चाचपला. एक. एकच हाड. तोंडातल्या रक्तासकट ती हसली. अल्ताफ समोर उभा होता, एका तुकड्यात, जिवंत, इस्त्रीच्या शर्टात.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," धैर्यशील म्हणाला. त्याच्या आवाजात तीन वर्षांत नव्हती अशी हलकी झुळूक होती. "दुखतंय का गं? अल्ताफ, बोलाव अँब्युलन्सला."

बोलवावं लागलं नाही. दार लाथेनं उघडलं गेलं आणि तातोबा मामा आत आले. पांढरा गणवेश, तांबारलेले डोळे, हातात स्ट्रेचरचा लोखंडी दांडा. स्ट्रेचर नव्हतं, नुसता दांडाच होता.

"सन्मती मॅडम कोण?"

धैर्यशील आणि अल्ताफ यांनी एकाच वेळी बोट दाखवलं.

"पहाटे चारला या म्हणाली मला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण ती शांतता सरासरी माणसाची नव्हती. "चारपासनं बाहेर बसलोय. चहा नाही, पाणी नाही. मिसळीचा वास तेवढा आला."

अँब्युलन्सवाले नेहमी उशिरा येतात, हे सन्मतीच्या डोक्यानं नाही, तोंडानंच ठरवून टाकलं होतं. फोनवर आठ म्हणायला गेली आणि चार निघून गेलं, आणि तिला पत्ताही लागला नाही. तिनं पातेल्याकडं पाहिलं. पातेलं चकचकीत होतं.

"मामा," ती क्षीणपणे म्हणाली, "पाव शिल्लक आहे एक."

मामांनी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खिडक्यांच्या बाजूनं तिच्याकडं चालायला लागले.

धैर्यशीलनं अल्ताफकडं पाहिलं. अल्ताफनं कॅमेरा उचलून खांद्यावर घेतला होता, एक डोळा मिटला होता आणि कपाळाला आठी पडली होती. ती आठी कशाची, हे धैर्यशीलला आज पहिल्यांदाच कळलं. त्यानं हात वर केला.

"मामा, थांबा," तो म्हणाला. "डावीकडून या. अल्ताफ म्हणतो ते बरोबर आहे. उजवीकडून सावली पडती तिच्यावर."